सिस्टर क्रिस्टेन्सनची बेगमी

व्हर्लीन क्रिस्टेन्सनच्या तळघरात जगबुडी आली तरी पुरेल इतकं धान्य होतं, पण जगबुडी काही येत नव्हती. आली ती नवऱ्याच्या पगारातली कपात.

रूलन ट्रेलर बनवणाऱ्या कारखान्यात सव्वीस वर्षं वेल्डिंग करत होता. ऑक्टोबरात साहेबांनी सगळ्यांना आवारात गोळा केलं, डोनट वाटले आणि सांगितलं की कोणालाही काढणार नाही, फक्त प्रत्येकाच्या कामाचे तास निम्मे होतील. रूलनने दोन डोनट तिथेच खाल्ले. तिसरा कागदी रुमालात गुंडाळून घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला.

"हा घे. निम्म्या पगारावर फुकट मिळालाय."

व्हर्लीनने सगळं ऐकून घेतलं. डोनटला हात लावला नाही.

"वॉर्डात कोणाला कळलंय?"

"कोणाला नाही. आपल्या वॉर्डातला तिथे मी एकटाच."

"मग कळता कामा नये."

वॉर्ड म्हणजे एका चर्चमध्ये जाणारी शंभरेक घरं. त्यातल्या कोणाचं बाळंतपण झालं, पाय मोडला, नोकरी गेली, की महिला मंडळ त्या घरावर चालून जातं. मंडळात एक यादी फिरते आणि पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी एक नवी सिस्टर (मंडळातल्या बायका एकमेकींना सिस्टरच म्हणतात) चीज घातलेल्या गरम बटाट्यांचं भांडं टॉवेलात धरून दारात उभी राहते. व्हर्लीन तीस वर्षं अशी दारं वाजवत आली होती. बटाटे नेऊन देणाऱ्या बायका परतताना गाडीत काय बोलतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण बहुतेक वेळा तीच बोलत असे.

"बिशपच्या कानावर घालू या का?" रूलन म्हणाला. "तो कोणाला सांगत नाही."

"बिशप एरवी दातांचा डॉक्टर आहे, आपलेच दात तपासतो, रूलन. त्याच्यासमोर मी तेवढ्याच कामासाठी तोंड उघडते."

"मग सोपं आहे. निम्मा किराणा बंद करू. पायाखाली वर्षाचं धान्य पडलंय, ते खाऊ."

"ते अडचणीच्या काळासाठी आहे."

"मग हा कसला काळ आहे?"

व्हर्लीनने विचार केला. "हा तंगीचा काळ आहे."

"दोघांत फरक काय?"

"अडचण सगळ्यांवर एकदम येते. भूकंप, दुष्काळ, युद्ध. त्यात लाज नसते."

रूलनने डोनट उचलला आणि स्वतःच खाल्ला.

घरात वर्षभराचं धान्य साठवून ठेवावं, हे चर्चचं सांगणं त्या खोऱ्यात प्रत्येक मूल पाढ्यांच्या आधी शिकतं. पण साठवणाऱ्या-साठवणाऱ्यांत फरक असतो. बाकीच्यांच्या तळघरात धान्याच्या बादल्यांवर स्कीचे बूट आणि नाताळचं झाड पडलेलं असे. व्हर्लीनच्या तळघरात बादल्या भिंतीसारख्या रचलेल्या होत्या, प्रत्येकीवर तिच्या गोल अक्षरात मालाचं नाव आणि वर्ष. ती मंडळाची बेगमी सल्लागार होती. दरवर्षी एकदा ती फळ्यासमोर उभी राहून बादलीत हवा कशी उरू द्यायची नाही, उंदीर कसे लांब ठेवायचे, झाकण कोणत्या हातोडीने ठोकायचं हे समजावत असे. शेवटी पाककृतींचा एक कागद वाटत असे. त्यातलं काही करून पाहिलं का, असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर द्यायला ती अडखळली असती.

पहिले काही आठवडे मजेत गेले. टोमॅटोचं सूप, बाटलीतले फरसबीचे तुकडे, मॅकरोनी, भात. चार मुलं लग्न होऊन चार दिशांना गेली होती, पण साठा अजून सहा माणसांचा होता. रूलन जिना उतरून खाली जायचा आणि मोठ्या दुकानात आल्यासारखा फळ्यांवरून नजर फिरवायचा. "आज काय घ्यावं बरं, मॅडम?" असं तो वर ओरडायचा आणि "उधारी बंद आहे!" असं व्हर्लीन वरून ओरडायची. किराण्यातले पैसे वाचत होते. व्हर्लीन मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती.

मग झाकणं उघडायची वेळ आली.

दुधाची पावडर पिवळी पडली होती आणि तिला जुन्या पुठ्ठ्याची चव होती. ओटच्या बादलीतून तेलकट खवट वास आला. मैद्याची एक बादली उघडली तर आतून किडे बाहेर आले, अगदी शांतपणे, आपल्याच घरातून निघावेत तसे. घेवड्याचे दाणे दिवसभर उकळले तरी दगडच राहिले. व्हर्लीनने त्यातले काही सोडा घालून शिजवले, काही सोडा घालून प्रेशर कुकरमध्ये, काही सोड्याशिवाय, आणि तिन्ही वाट्या रूलनपुढे ठेवल्या.

"कुठला मऊ आहे?"

रूलनने तिन्ही चावून पाहिले. "मधला जरा कमी कडक आहे. पण माझी एक दाढ आता पूर्वीसारखी राहिली नाही."

कायमचं बिघडलेलं सगळं रूलनने एका संध्याकाळी बागेत खड्डा करून पुरलं. साठ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा खड्ड्यात गेला. याचा अर्थ व्हर्लीनला स्पष्ट कळत होता. जगबुडी ठरल्या वेळी आली असती तर तिच्याच हातचं लेबल वाचून तिच्याच घरातली माणसं किडे खात बसली असती. पण जगबुडी आली नव्हती, त्यामुळे ही गोष्ट फक्त दोघांना आणि बागेला माहीत राहिली. रिकाम्या झालेल्या बादल्या व्हर्लीनने धुतल्या, झाकणं लावली आणि पुन्हा भिंतीत बसवल्या.

"आता कशाला?" रूलनने विचारलं.

"भिंतीत भोक दिसतं."

उरला तो गहू. गव्हाला काहीही झालं नव्हतं. लाल, कडक, कोरडा, बादलीत घातला त्या दिवशी होता तसा. हिशेबाने दोघं तीन वर्षं तो खाऊ शकत होती. चावता येईल का, एवढाच प्रश्न होता.

व्हर्लीनने कागद काढला. पहिली कृती सोपी होती: रात्रभर भिजवा, सकाळी तासभर शिजवा, साखर घाला. रूलन बराच वेळ चावत राहिला.

"हे संपतं कधी?"

"चावत राहा."

"सव्वीस वर्षं लोखंडाला लोखंड जोडतोय, पण जबडा कधी असा दुखला नाही."

जन्मभर पांढरा पाव खाल्लेल्या दोन पोटांना अख्ख्या गव्हाची बातमी हळूहळू कळली. कळली ती नेमकी रविवारी. त्यांच्या चर्चमधल्या सभेत, पावाच्या तुकड्यांची आणि पाण्याची तबकं बाकांवरून फिरत असतात तेव्हा, एक फार मोठी शांतता असते. तान्ही मुलंसुद्धा तेव्हा गप्प बसतात. त्या शांततेत रूलन खोकला. पुन्हा जोरात खोकला. मग खोकला आणि ज्यासाठी तो खोकत होता ते, यांचा ताल चुकला. मागच्या बाकावरून लारू थॉर्प आजींनी एक पेपरमिंट पुढे केली आणि हळूच म्हणाल्या, "ही पोटावरही चालते हो."

दुसरी कृती होती गव्हाचं मांस. गव्हाचं पीठ मळायचं आणि नळाखाली धूत राहायचं. पांढरं पाणी वाहून जातं आणि हातात एक चिवट, करडा गोळा उरतो. त्याच्या चकत्या करून तळायच्या. कागदावर खाली लिहिलं होतं, 'घरातल्या मंडळींना फरक कळणार नाही.'

रूलनने एक चकती काट्याने उचलली. ती काट्यावरून लोंबली आणि परत आखडली.

"कशातला फरक?" त्याने विचारलं.

व्हर्लीनला हसू आलं. खूप दिवसांनी आलं होतं, त्यामुळे बराच वेळ थांबेना. मग तिने खरोखरच विचार करायला सुरुवात केली. ही कृती लिहिली कोणी? तिला ती आधीच्या सल्लागाराकडून, म्हणजे लारू थॉर्प आजींकडून मिळाली होती. त्या अजून धडधाकट होत्या, म्हणजे त्यांनी हे खाल्लं असणं शक्य नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी ती यीस्ट आणायला दुकानात गेली. यीस्ट आणि मीठ, एवढंच. मिठाच्या पुड्याकडे हात नेताना तिला गल्लीच्या टोकाला ब्रिंडी ओल्सन दिसली. ब्रिंडी मंडळाची नवी अध्यक्ष. वय एकतीस, मुलं तीन, आवाज साखरेच्या पाकासारखा, आणि समोर दिसेल त्याचा फोटो काढायची सवय. व्हर्लीनच्या ढकलगाडीत यीस्टची एक चिमुकली पुडी होती. तिने झटकन डावीकडच्या फळीवरून कागदी टॉवेलांचे सहा गठ्ठे उचलले आणि गाडीत टाकले. आकाराने मोठं आणि वजनाने हलकं असं त्या दुकानात दुसरं काही नव्हतं.

"सिस्टर क्रिस्टेन्सन! बाई गं, केवढे टॉवेल! पाहुणे येणार आहेत का?"

"येतीलही," व्हर्लीन म्हणाली.

"याला म्हणतात तयारी! पाहुणे यायच्या आधीच टॉवेल. सगळ्यांनी तुमच्याकडून शिकायला हवं." ब्रिंडी मध्येच थांबली. तिचे डोळे मोठे झाले. "खरंच, सगळ्यांनी तुमच्याकडून शिकायला हवं!"

टॉवेल परत करायला व्हर्लीन दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेली. पण ब्रिंडीच्या डोक्यात शिरलेली कल्पना परत करायची सोय नव्हती.

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी ब्रिंडीने मंडळासमोर जाहीर केलं: जानेवारी महिना, दुकान बंद, तळघर उघडं! सगळ्या घरांनी महिनाभर फक्त साठ्यातलं खायचं. किराणा आणायचा नाही. रोज एक फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा. महिन्याच्या शेवटी सगळ्यांनी सिस्टर क्रिस्टेन्सनचं तळघर पाहायला जायचं, आणि येताना प्रत्येकीने आपल्या साठ्यातलं काहीतरी आणायचं. वॉर्डातल्या एका गरजू कुटुंबासाठी.

"कोणतं कुटुंब?" कोणीतरी विचारलं.

"ते बिशप ठरवतील. नाव गुप्त राहील."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्लीननेही वाजवल्या. तिला एका बाजूने हायसं वाटलं. आता ती उघडपणे गहू खाऊ शकत होती. दुसऱ्या बाजूने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती जे तीन महिने दार लावून करत होती, ते आता सगळा वॉर्ड हौसेने करणार होता. आणि पैज लागल्यासारखे रोज फोटो येऊ लागले. कोणाच्या ताटात तळघरातल्या फ्रीजरमधला सामन मासा, कोणाच्या ताटात गोठवलेल्या बेरींचा केक, कोणाच्या ताटात मागच्या शरदात मारलेल्या हरणाचं मांस. 'किती त्याग!' असं ब्रिंडी खाली लिहायची आणि पुढे जोडलेल्या हातांचं चित्र टाकायची. व्हर्लीनने गव्हाच्या वाटीचा फोटो टाकला. त्याच्याखाली ब्रिंडीने लिहिलं, 'सिस्टर क्रिस्टेन्सन, तुम्ही तर फारच मनावर घेतलंत!!'

शेवटच्या शनिवारी सकाळी दोघांनी तळघर लावायला घेतलं. रिकाम्या बादल्यांची भिंत पुढे, जिन्याजवळ. भरलेल्या बादल्या, म्हणजे गहू, मागे. मधल्या फळीवर पीचच्या बारा बाटल्यांचं खोकं. साठ्यात चवीने खाण्यासारखं एवढंच उरलं होतं. व्हर्लीनने ते मुद्दाम फेब्रुवारीसाठी राखलं होतं, कारण फेब्रुवारी हा त्या खोऱ्यात मुळातच सोसायचा महिना असतो आणि कारखान्यातून अजून काही कळलं नव्हतं.

रूलनने एक रिकामी बादली बोटाने उचलून पाहिली. "पाणी भरू या. कोणी हात लावला तर जड लागेल."

"वर 'साखर' लिहून आत पाणी? ते खोटं बोलणं झालं, रूलन."

"आणि वर 'साखर' लिहून आत काहीच नाही, ते?"

"त्यात साखर होतीच," व्हर्लीन म्हणाली. "लेबलावर वर्षसुद्धा आहे."

दुपारी बायका आल्या. वीसेक जणी, बर्फाळलेल्या बुटांनी जिना उतरत, प्रत्येकीच्या हातात एकेक बादली. त्या बादल्या त्यांनी जिन्याच्या पायथ्याशी ओळीने ठेवल्या आणि तळघरात दाटीवाटीने उभ्या राहिल्या. देवळात आल्यासारखा सगळ्यांचा आवाज खाली आला. ब्रिंडीने फोन उंच धरला.

"बघा, सिस्टरांनो. बघा ही शिस्त. वर्षसुद्धा घातलंय. साखर. तांदूळ. ओट. आमच्या घरी तर कशात काय आहे ते नवऱ्याला विचारावं लागतं."

"नवऱ्याला काय विचारायचं? उंदराला विचारावं," मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

लारू थॉर्प आजी सगळ्यांच्या शेवटी उतरत होत्या. शेवटची पायरी जरा उंच होती. त्यांनी आधारासाठी हात पुढे केला आणि भिंतीवर टेकवला. सत्तर-ऐंशी किलो गव्हावर कोणी टेकलं तर गहू हलत नाही. ही भिंत मात्र आजींच्या हाताबरोबर आत गेली, वरून डोलली, आणि सगळीच्या सगळी खाली आली. आवाज मात्र भलताच झाला, ढोल घरंगळावेत तसा. बादल्या जमिनीवर आपटून वर उडाल्या, बायकांच्या पोटऱ्यांना लागून पुन्हा उडाल्या, एकीचं झाकण निघालं आणि ते चकतीसारखं फिरत फिरत बराच वेळ थांबेना. आजी टॉयलेट पेपरच्या गठ्ठ्यावर अलगद बसल्या होत्या.

"मला काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "पण व्हर्लीन, तुझी साखर फार हलकी झालीय गं."

व्हर्लीन फळीला पाठ टेकून उभी होती. तिच्या कानांपर्यंत रक्त चढलं होतं. आता येईल, तिला वाटलं. आता कोणीतरी विचारेल.

ब्रिंडीने वाकून एक बादली उचलली, आत पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"खाल्लं!" ती ओरडली. "सगळं खाल्लं यांनी! सिस्टरांनो, आपण फोटो काढत होतो आणि यांनी खरंच खाल्लं! याला म्हणतात आव्हान पाळणं!"

टाळ्या पडल्या. खऱ्या, मोठ्या टाळ्या. दोघींनी तर व्हर्लीनला मिठी मारली. व्हर्लीनला पहिल्यांदा काही कळेना आणि मग एकदम कळलं की ती वाचली. नुसती वाचली नव्हती, पहिली आली होती. तिने मान खाली घालून हसायचा प्रयत्न केला. जिन्यावर उभ्या असलेल्या रूलनकडे तिने पाहिलं नाही.

"आणि बघा, एका महिन्यात एवढं संपवूनही काही अडलं का यांचं?" ब्रिंडी आता थांबणारी नव्हती. "म्हणजे देणाऱ्याला कधी कमी पडत नाही. मला वाटतं, सुरुवात इथूनच व्हावी. ते गरजू कुटुंब, कोण का असेना, त्यांच्या टेबलावर आज गोड काहीतरी जायला हवं." तिने हात पुढे करून फळीवरून पीचचं खोकं उतरवलं, छातीशी धरलं आणि जिन्याकडे वळली. "सिस्टर क्रिस्टेन्सन, तुमची हरकत नसणारच."

बायकांनी बाजूला होऊन वाट करून दिली. व्हर्लीनने त्या बाटल्यांकडे पाहिलं. पीच तिने स्वतः सोलले होते. बारा बाटल्या, फेब्रुवारी. तोंडातून 'नाही, हरकत कसली' असे शब्द येऊ घातले होते. गेली तीस वर्षं ते आपोआप येत होते.

"खाली ठेव," ती म्हणाली.

ब्रिंडी वळली. "काय म्हणालात?"

"ते खोकं खाली ठेव. ते गरजू कुटुंब आम्हीच आहोत."

कोणीतरी हसलं आणि मग कोणीच आपल्याबरोबर हसत नाही हे पाहून थांबलं.

"आम्ही म्हणजे कोण?" ब्रिंडीने विचारलं.

"मी आणि रूलन. ऑक्टोबरपासून त्याचे तास निम्मे झालेत. हे आव्हान वगैरे नाही, ब्रिंडी. हा आमचा रोजचा स्वयंपाक आहे. आणि ते सगळं आम्ही खाल्लेलंही नाही. बरंचसं सडलं होतं. ते बागेत पुरलंय."

ही शेवटची गोष्ट बायकांना पहिलीपेक्षा जास्त लागली. वीस जणींनी एकदम आपापल्या तळघरांचा विचार केला.

रूलन जिन्यावरून म्हणाला, "घेवडा प्रेशर कुकरमध्ये लावा. सोडा घालून."

मग मंडळ जागं झालं. कोणीही काही न ठरवता फोन बाहेर आले. "सोमवार मी घेते." "मंगळवार माझा." "बुधवारी मी, पण बटाटे कोणी आधी करत असेल तर सांगा." यंत्राचं बटण दाबल्यासारखं चाललं होतं आणि व्हर्लीन मधोमध उभी होती. हे यंत्र तिने स्वतः कित्येकदा चालवलं होतं. ते आतून कसं दिसतं हे तिने पाहिलं नव्हतं. त्यात ज्याच्यासाठी चाललंय त्याला विचारायची जागाच नव्हती.

"अगं, मला विचारा तरी!" ती ओरडली.

सगळ्या थांबल्या.

"काय विचारू, सिस्टर?" ब्रिंडीने खरंच न कळून विचारलं.

व्हर्लीनलाही ते नीट सांगता येईना. तिने जिन्याच्या पायथ्याशी मांडलेल्या ओळीकडे बोट केलं. "मग गरजू कुटुंबासाठी तुम्ही काय आणलंय ते मीच विचारते. बघू."

बायका आपापल्या बुटांकडे पाहू लागल्या. व्हर्लीनने पहिली बादली फिरवून लेबल समोर केलं. गहू. दुसरी, गहू. तिसरी, गहू. एक घेवड्याची होती, बाकी शेवटपर्यंत गहू.

"हरीण खाल्लंत," व्हर्लीन म्हणाली. "सामन खाल्लात. आणि गरजू माणसाला हे?"

"टाकून द्यायला जीव होईना," एक जण म्हणाली.

"पण कागदावर कृती आहेत ना," दुसरी म्हणाली. "तुम्हीच वाटलात. गव्हाचं मांस."

"ती कृती लारू आजींची आहे."

सगळ्या आजींकडे वळल्या. आजी गठ्ठ्यावर आरामात बसल्या होत्या. "माझी? छे गं. मला माझ्या आधीच्या बाईंनी दिली. मी ती कधी केली नाही. आमच्याकडे गहू कोंबड्यांना घालायचे."

व्हर्लीनच्या तोंडून आधी हुंदक्यासारखा काहीतरी आवाज आला आणि मग तिला हसू फुटलं. आजी हसल्या, मग दोघी-चौघी, मग सगळं तळघर. ब्रिंडीला मात्र हसता येईना. ती खोकं छातीशी तसंच धरून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. शेवटी रूलनने खाली येऊन तिच्या हातातून ते घेतलं आणि फळीवर ठेवलं.

संध्याकाळ होण्याआधी वीस बायका आपापला गहू घेऊन पुन्हा जिना चढल्या. वर चढताना तो चांगलाच जड लागत होता. आजींची बादली रूलनने गाडीपर्यंत नेऊन दिली आणि आपल्याकडच्या गव्हाच्या दोन बादल्याही गाडीत ठेवल्या. आजींच्या कोंबड्या वीस होत्या. बदल्यात दर शनिवारी अंडी द्यायचं ठरलं आणि त्यात कोणावर कोणाचे उपकार नव्हते.

यादीचं काय झालं ते व्हर्लीनने विचारलं नाही. रविवारी चर्चमध्ये लोक तिच्याशी जरा जास्त मऊ आवाजात बोलले. तिने ते दात आवळून सहन केलं. तीन जणींनी तिला कोपऱ्यात गाठून, आजूबाजूला पाहून, आपल्या मैद्यात किडे आहेत असं सांगितलं. चौथीने सांगितलं की तिच्या नवऱ्याचेही तास कमी झालेत, दुसऱ्या कारखान्यात, उन्हाळ्यापासून.

सोमवारी अंधार पडता पडता दारावरची घंटा वाजली. व्हर्लीनने दार उघडलं. ब्रिंडी उभी होती, एकटी, हातात टॉवेलात गुंडाळलेलं भांडं. फोन कुठे दिसत नव्हता.

"विचारायला आले होते," ब्रिंडी म्हणाली. "चालेल का? नको असेल तर परत नेते. खरंच. मुलं खातील."

"काय आहे?"

"बटाटे. चीज, साय, वर कॉर्नफ्लेक्स."

वाफ दोघींच्या मधून वर जात होती. व्हर्लीनने हात पुढे केले. भांडं देताना ते खालून धरायचं हे तिच्या हातांना माहीत होतं, घेताना कुठे धरायचं हे माहीत नव्हतं, त्यामुळे बोटांची जरा गडबड झाली आणि क्षणभर भांडं दोघींनीही धरलेलं राहिलं.

"अगं, कशाला एवढं," व्हर्लीन म्हणाली. इतक्या दारांत इतक्या बायका तिला हेच म्हणाल्या होत्या आणि दरवेळी तिला ती नुसती बोलायची रीत वाटली होती.

"मग नको का?" ब्रिंडी घाबरून म्हणाली.

"हवंय. चांगलं हवंय." व्हर्लीनने भांडं नीट पकडलं. "तू जेवलीस?"

"मुलांना वाढून आले. मी अजून..."

"मग बूट काढ आणि आत ये. रूलन, आणखी एक ताट घे." ती भांडं घेऊन टेबलाकडे निघाली. "आम्हा दोघांना हे फार होतं, आणि उरलेलं साठवून ठेवायचा मला आता अगदी कंटाळा आलाय."